टोर्नेडोच्या गावात राहायला येताय, तर आधी बुटांचं बोलू

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मिस्टरांना ओक्लाहोमा सिटीत नोकरी लागली आहे आणि एप्रिलच्या शेवटी तुम्ही न्यू जर्सीहून इकडे येताय. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना गुडघेदुखी आणि मधुमेह. शहराला लागूनच असलेल्या मूर गावात एक भाड्याचं बैठं घर पाहिलंय, त्यात शेल्टर, म्हणजे वादळात लपायची पक्की जागा, नाही. शहरात एक अपार्टमेंट पाहिलंय, ते वरच्या मजल्यावर. दोन्हींतलं कुठलं घ्यावं, टोर्नेडोच्या पट्ट्यात माणसं रोज राहतात तरी कशी, आणि मुलाला न घाबरवता तयारी कशी करायची, हे तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत: सामान कमी करायचंय, पण मुलगा टाचेत दिवे लागणारे जुने बूट टाकू देत नाही, काय करू?

ती शेवटची ओळ वाचून मी उत्तर लिहायला बसले. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत असं मला मनापासून वाटतं.

मी मूळची मिरजेची. 1998 साली इथे आले आणि 2001 पासून इमर्जन्सी विभागात नर्स आहे. मी हवामानतज्ज्ञ नाही, इंजिनिअर नाही. वादळ निघून गेल्यावर दारातून आत येणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या जखमा धुतल्या आहेत. त्यामुळे मी जे सांगेन ते त्या दाराच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

तुम्ही विचारलंय, "कुठलं घर सुरक्षित?" माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. इशारा मिळाल्यावर हातात बहुधा दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात तुमच्या घरातली चार माणसं कुठे पोचतील आणि पोचतील तेव्हा त्यांच्या पायात काय असेल? घराची निवड या प्रश्नाच्या पोटात येते.

आधी शब्दांचा गोंधळ काढून टाकू. गावी फोनवर सांगताना आपण "इकडे चक्रीवादळ येतं" म्हणतो आणि तिकडच्यांच्या डोळ्यांपुढे कोकणातलं वादळ उभं राहतं, दोन दिवस आधी बातमी येणारं, जिल्हेच्या जिल्हे झोडपणारं. टोर्नेडो तसा नसतो. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते, वरून वेगवान वारे जातात आणि मेघगर्जनेचा ढगच फिरू लागतो. त्यातून जमिनीला टेकतो तो सोंडेसारखा भाग. तो एका गल्लीतली घरं पायापासून उचलतो आणि पुढच्या गल्लीतल्या कुंड्याही जागच्या जागी राहतात. त्यामुळे एखाद्या घराच्या वाट्याला तो येण्याची शक्यता दरवर्षी लहानच असते. पण मूर हे नाव तुम्ही घेतलंत म्हणून लपवत नाही: त्या गावाने 1999, 2003, 2010, 2013 आणि 2015 अशी वर्षं पाहिली आहेत. आणि तिथे लोक आनंदाने राहतात, मीही त्यांच्या शेजारीच राहते. मेमधल्या बहुतेक दिवशी आकाश इतकं निळं असतं की मुलांना घरात बोलवावंसं वाटत नाही.

दुसरा गोंधळ वॉच आणि वॉर्निंग या दोन इशाऱ्यांचा. वॉच म्हणजे तेल तापायला ठेवलंय, टोर्नेडो होऊ शकतो. वॉर्निंग म्हणजे मोहरी तडतडली, आता लपायचं. वॉच नॉर्मन इथल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरकडून येतो, मोठ्या भागासाठी आणि काही तासांसाठी. वॉर्निंग स्थानिक हवामान कार्यालयाकडून येते, रडारवर फिरणारा ढग दिसला किंवा कुणी डोळ्यांनी पाहिला की. वॉच आला की बूट बाहेर काढून तयार मांडायचे, वॉर्निंग आली की घालायचे. आमच्या घरी नियम एवढाच आहे.

बूट, बूट असं मी का करतेय ते आता सांगते.

3 मे 1999. आम्ही दक्षिण ओक्लाहोमा सिटीत तळमजल्यावरच्या भाड्याच्या जागेत राहत होतो. मुलगा चार वर्षांचा. मिस्टर कामावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. टीव्हीवर चॅनेल 9 वर हवामान सांगणारे गॅरी इंग्लंड बोलत होते आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा होता, ते लोकांना जमिनीखाली जायला सांगत होते. मला इंग्रजी समजत होतं, पण जमिनीखाली म्हणजे नक्की कुठे ते कळत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या आजींनी दार बडवलं. जन्मभर ओक्लाहोमात राहिलेल्या बाई. मी दार उघडलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मुलाच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी त्याला बूट घाल."

आपल्या सवयीप्रमाणे बूट दाराशी होते. लाल रंगाचे, एक नंबर मोठे घेतलेले, टाचेत लाल दिवे असलेले. ते घातले, त्याला उचललं, न्हाणीघरातल्या टबात बसवलं, आजींनी दिलेल्या सोफ्याच्या उश्या वर घेतल्या. दिवे गेले. बिनखिडकीच्या त्या खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. मुलगा रडत पाय आपटत होता आणि प्रत्येक आपटण्याबरोबर टाचेतला लाल दिवा लुकलुकत होता. तो तिथे आहे हे मला त्या दिव्याने कळत होतं. बाहेर गारांचा आवाज इतका होता की त्याचं रडणं मला ऐकूही येत नव्हतं.

टोर्नेडो आमच्यापासून साधारण दोन मैलांवरून गेला. त्या संध्याकाळी ट्रकवर बसवलेल्या रडारने त्यात ताशी सुमारे 300 मैलांचा, म्हणजे 480 किलोमीटरचा वारा मोजला. त्या एका टोर्नेडोत 36 माणसं गेली. आमचं घर उभं होतं, पण गारांनी हॉलची खिडकी फोडली होती आणि कार्पेटभर काचा पसरल्या होत्या. मुलगा त्यावरून दिवे लुकलुकवत चालत गेला. माझ्या पायात काहीच नव्हतं. घाईत मी फक्त त्याचंच पाहिलं होतं. तळव्यातून काच काढायला मला दोन दिवस लागले. कडेवर मूल घेऊन लंगडणारी आई दुसऱ्या दिवशी कुणाच्याच उपयोगाची नसते, हे मी तेव्हा शिकले. म्हणून आधी स्वतःचे बूट, मग मुलाचे. तुमचा जीव याला तयार होणार नाही, तरीही हाच क्रम ठेवा.

पुढे नोकरीला लागल्यावर कळलं की हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, इलिनॉयमधल्या मॅरियन गावातल्या टोर्नेडोचा अभ्यास उदाहरण म्हणून दिला आहे. तिथे जखमी झालेल्यांपैकी निम्म्यांना इजा झाली ती वादळ गेल्यानंतर, माणसं शोधताना आणि राडारोडा उचलताना. आणि जवळपास एक तृतीयांश जखमा खिळ्यावर पाय पडून झालेल्या होत्या. इथली घरं लाकडी सांगाड्याची. घर मोडलं की प्रत्येक फळीतून दोन-तीन खिळे वर तोंड करून उभे राहतात.

20 मे 2013 ला मी ड्यूटीवर होते. मूरमध्ये टोर्नेडो दुपारी तीनच्या सुमारास आला, शाळा सुटायच्या वेळेला. 24 माणसं गेली, त्यांत एका शाळेतली सात लेकरं होती. त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. फक्त पायांबद्दल सांगते, कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे. मोठ्या जखमांची माणसं आधी आली. मग संध्याकाळी, रात्री आणि पुढचे तीन-चार दिवस पायांची माणसं येत राहिली. मोज्यांवर चालत आलेली, रबरी स्लिपरवर आलेली, अनवाणी. जखमांमध्ये माती, लाकडाच्या ढलप्या, भिंतीत भरतात तो गुलाबी कापूस. अशा जखमा लगेच शिवत नाहीत. धुऊन उघड्या ठेवतात, काही दिवसांनी स्वच्छ असल्या तर मग टाके घालतात. धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. म्हणजे घर गेलेल्या माणसाने मोटेलमधून रोज ड्रेसिंगला यायचं. एका साध्या बुटाने हे सगळं टळतं.

साधा बूट म्हणताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्नीकरचा तळ मऊ फोमचा असतो, मोठा खिळा त्यातून आरपार जातो. काचेपासून तो वाचवतो, खिळ्यापासून पूर्ण नाही. शिवाय वापरलेल्या स्नीकरमधून पायात खिळा गेला तर सूडोमोनास नावाचा जंतू हाडापर्यंत पोचू शकतो, हे आम्ही ट्रेनिंगमध्येच शिकतो. वरून छिद्र बारीक दिसतं आणि लोक दुर्लक्ष करतात. असं झालं तर बुटातून गेला हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हणून मुलांना स्नीकर, कारण त्यांना फक्त बाहेर पडून गाडीपर्यंत किंवा शेजाऱ्यांपर्यंत जायचंय. मोठ्यांपैकी ज्यांना नंतर राडारोड्यात उतरावं लागेल त्यांना जाड तळाचे कामाचे बूट हवेत. तुमच्या मिस्टरांसाठी एक जोड घ्या.

आता आपल्या घरांची खास अडचण. इथले अमेरिकन शेजारी घरात बूट घालून वावरतात. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा होतो तेव्हा त्यांच्या पायात काहीतरी असतंच. आपण दाराशी चपला काढतो, आणि मला ते बदलायचं नाही, मीही काढते. पण त्यामुळे भोंगा वाजेल तेव्हा आपलं अख्खं घर अनवाणी असणार हे ठरलेलं. दार घराच्या कडेला आणि सुरक्षित जागा घराच्या पोटात. म्हणजे पळायचं एकीकडे आणि बूट दुसरीकडे. हे उत्तर एका वाक्यात मागितलंत तर ते एवढंच: बुटांची दुसरी जोडी दाराशी नको, घराच्या पोटात हवी.

यावर सासूबाई काय म्हणतील याची कल्पना मला आहे, कारण माझ्या आईने तेच म्हटलं होतं. आमच्या पुढच्या घरात, मूरच्या अलीकडच्या बाजूला घेतलेल्या, सगळ्यात आतली बिनखिडकीची जागा म्हणजे जिन्याखालचं क्लॉझेट, आत उभं राहता येईल असं भिंतीतलं कपाट. आणि तिथेच आम्ही देव मांडले होते. इकडच्या कितीतरी मराठी घरांत देव असेच क्लॉझेटमध्ये असतात. देवांच्या पायाशी बूट ठेवायचे? आई भारतातून आली होती, तिने ते पाहिलं आणि गप्प बसली, ते तिच्या रागावण्यापेक्षा वाईट होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिला 1999 च्या रात्रीचं सांगितलं, दिव्याच्या बुटांचं, माझ्या पायातल्या काचेचं. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या साडीची एक नाडीची पिशवी शिवली आणि म्हणाली, "कोरे बूट आण. बाहेर न वापरलेले. ते यात राहतील." देव एका फळीवर, पिशवी खाली दुसऱ्या कोपऱ्यात. सासूबाईंना हे सगळं सांगून पाहा. कोरे बूट हा तोडगा बहुतेक घरांत चालतो, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तो चांगलाच आहे.

सासूबाईंच्या बाबतीत मी जरा जास्तच आग्रह धरणार आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. खिळा घुसला तरी त्यांना तेव्हा कळणार नाही, रात्री मोजा काढताना रक्त दिसेल. आणि त्यांची जखम भरायला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागेल. त्यांना लेस नको, वेलक्रोचा पट्टा हवा, पुढून रुंद, वाकायला न लागता पाय सरकेल असा. बुटांच्या आत सुती मोजे घालून ठेवा. त्याच पिशवीत तीन दिवसांच्या गोळ्या, साखर मोजायचं यंत्र, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. इन्सुलिन असेल तर ते फ्रीजमध्येच राहू द्या, पण वॉच आला की छोट्या थंड पिशवीत काढा.

आता घराचं. इथे खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून मी कसा विचार करते ते सांगते. मध्य ओक्लाहोमात तळघरं फार कमी, लाल चिकणमाती ओल्यात फुगते आणि उन्हात आकसते, त्यात तळघर टिकवणं खर्चाचं. म्हणून गॅरेजच्या जमिनीत पुरलेली पोलादी शेल्टरं दिसतात. जुनी माणसं त्याला "फ्रेडी होल" म्हणतात, भित्र्यांचं बीळ. पण म्हणताना त्यांच्या आवाजात माया असते. त्यात उतरायला अरुंद, उभ्या पायऱ्या असतात. गुडघे धरलेल्या बाईंना अंधारात, गर्दीत तिथे उतरवणं सोपं नाही. म्हणून तुम्ही पुढेमागे घर विकत घेतलंत तर जमिनीवरची पोलादी सेफ रूम बघा, गॅरेजमध्ये किंवा आत, जमिनीला बोल्टने जखडलेली. अशा खोल्यांची चाचणी घेताना 15 पौंडांची लाकडी फळी ताशी 100 मैल वेगाने तिच्यावर मारतात. टेक्सासमधल्या लबक इथे, टेक्सास टेक विद्यापीठात, हे काम वर्षानुवर्षं चालतं. विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागायला लाजू नका. शेल्टर झालं की त्याची नोंद शहराकडे करता येते, म्हणजे वरून घर कोसळलं तर शोधपथकाला तुम्ही कुठे आहात ते माहीत असतं.

भाड्याच्या दोन जागांमध्ये निवडायचं तर मी तळमजला घेईन. वरचा मजला मला नकोच. शेल्टर नसलं तरी बैठ्या घरात पोटातली एक खोली मिळते: सगळ्यात खालचा मजला, बाहेरच्या भिंतींपासून जास्तीत जास्त भिंती मध्ये, खिडकी नाही. न्हाणीघर किंवा क्लॉझेट. घर पाहायला जाल तेव्हा ही खोली शोधा आणि सासूबाईंच्या झोपायच्या खोलीपासून तिथपर्यंत पावलं मोजा. स्वयंपाकघरातला ओटा नंतर बघा. 2014 पासून मूरमध्ये नवीन घरांना ताशी 135 मैलांच्या वाऱ्याला टिकण्याचा नियम लागू झाला, तेव्हा घर कधी बांधलं हेही विचारा. मात्र पूर्ण ताकदीच्या टोर्नेडोत पोटातली खोलीही पुरत नाही, हे 1999 आणि 2013 ला इथे दिसलं. म्हणून त्याच गल्लीत कुणाकडे शेल्टर आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. इथे असं विचारणं उद्धटपणाचं नाही. लोक गॅरेजचा कोड देऊन ठेवतात. ओक्लाहोमा सिटीत सार्वजनिक निवारे नाहीत, आयत्या वेळी गाडी काढून शोधत फिरू नका.

गाडीचं जरा ठासून सांगते. 31 मे 2013 ला, मूरच्या त्या दिवसानंतर अकराच दिवसांनी, जवळच्याच एल रिनो गावाचा टोर्नेडो आला, 2.6 मैल रुंद, नोंदलेल्यांत सगळ्यात रुंद. लोक इतके हादरलेले होते की घरं सोडून रस्त्यावर आले आणि हायवे तुंबले. वाऱ्याचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले टिम समारस, त्यांचा मुलगा आणि सहकारी त्या दिवशी गाडीतच गेले. ज्यांना आकाश वाचता येत होतं त्यांच्यावर ही वेळ आली. शेजाऱ्यांकडे किंवा मित्रांकडे जायचंच असेल तर वॉच असताना जा, चहाला गेल्यासारखं निवांत. वॉर्निंग आल्यावर नाही. आणि गाडीत अडकलात तर पुलाखाली कधीच थांबू नका. 1999 ला इथे तीन वेगवेगळ्या पुलांखाली आसरा घेतलेली तीन माणसं गेली. पुलाखाली वारा आणखी जोराने घुसतो.

म्हणजे तुमच्या घरासाठी माझा क्रम असा राहील. सकाळी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा नकाशा बघायचा. नारिंगी किंवा लाल रंग असला तर फोन चार्ज, गाडीत पेट्रोल, मुलाला शाळेतून कोण आणणार ते ठरलेलं. वॉच आला की साडीची पिशवी उघडून बूट ओळीत. वॉर्निंग आली की तुमचे बूट, मुलाचे बूट, तोवर मिस्टर सासूबाईंना घेऊन क्लॉझेटमध्ये. डोक्यावर सायकलचं हेल्मेट. 2011 च्या अलाबामातल्या टोर्नेडोंनंतर बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हेल्मेटचा आग्रह धरला आणि आम्हा सगळ्यांना तो पटला. पण हेल्मेट शोधण्यात वेळ घालवायचा नाही, तेही पिशवीशेजारीच हवं. शेजारी अंगणात उभे राहून ढग बघतील. इथल्यांना ती सवय आहे. तुम्ही आत जा.

बुटांच्या मापाबद्दल माझी एक चूक सांगते. 1999 नंतर मी ठरवलं होतं की ऑगस्टमध्ये शाळेसाठी नवे बूट घेतले की जुने, अजून होणारे, क्लॉझेटमध्ये जातील. काटकसरीचं वाटलं. 8 मे 2003 ला संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा मूरमध्ये टोर्नेडो आला, आम्ही क्लॉझेटमध्ये, आणि मुलाचा पाय बुटात जाईना. ऑगस्टमध्ये होणारा बूट मेमध्ये कसा होईल? नऊ महिन्यांत पोराचा पाय वाढला होता, आणि टोर्नेडो येतात ते मेमध्ये. शेवटी टाच दुमडून, बूट चपलेसारखा पायात अडकवून बसला. बाहेर काही झालं नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून पिशवीतला जोड मार्चमध्ये घेते, एक नंबर मोठा. मी लहान होते तेव्हा मिरजेत पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट असेच मोठे घेतले जायचे. पुढे कापूस कोंबायचा, वर्ष-दीड वर्षात कापूस कमी कमी होत जायचा. शुक्रवारी रात्री ते धुऊन, ओले असतानाच वरून पांढरा खडू फिरवायचा, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत कवायतीला घालायचे. वाळलेल्या खडूचा आणि रबराचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. कापसाऐवजी आता मी जाड मोजे ठेवते, एवढाच फरक.

मुलाच्या भीतीबद्दल. सहा वर्षांच्या मुलाला टोर्नेडोचे व्हिडिओ दाखवू नका, पण त्याच्यापासून लपवूही नका. शाळेत सराव होणारच आहे. त्याला घरात एक काम द्या, ज्याचा मालक तो असेल. आमच्याकडे धाकटीला पाचव्या वर्षी बुटांचं खातं दिलं होतं. महिन्यातून एकदा ती पिशवी उघडायची, सगळ्यांचे बूट मोजायची, प्रत्येकाला घालून बघायला लावायची आणि आजीच्या बुटांचा वेलक्रो करकर वाजवून तपासायची. ज्याच्या हातात काम असतं ते मूल वादळाच्या वेळी आईच्या चेहऱ्याकडे कमी बघतं, असं मी घरीही पाहिलं आणि हॉस्पिटलातही.

म्हणून त्याचे दिव्याचे बूट टाकू नका. पायाला होत नसतील तर पिशवीत त्यांचा उपयोग नाही, तिथे होणारेच हवेत. पण तसेच दिवे असलेले नवे, एक नंबर मोठे मिळाले तर तेच घ्या. अंधारात ते खरोखर उपयोगी पडतात, मी त्यांच्या उजेडात बसलेली आहे. आणि जुने त्याला स्वतःच्या हाताने क्लॉझेटच्या वरच्या फळीवर ठेवू द्या. माझ्या फळीवर आज लाल बुटांची ती जोडी आहे, तिच्याशेजारी 2003 चा टाच दुमडलेला जोड आहे आणि धाकटीचे जांभळे आहेत. मुलगा आता तीस वर्षांचा आहे, बुटांचे दिवे केव्हाच बंद पडले. घरी आला की तो आधी ती फळी बघतो, मग खालची पिशवी उघडून त्याच्या मापाचा जोड आहे ना ते पाहतो. असतो. दरवर्षी मार्चमध्ये मी तो तपासते, तो इथे राहत नसला तरी.

सामान लावून झालं की पहिल्या शनिवारी एवढं करा. ओक्लाहोमा सिटीत हवा स्वच्छ असली की दर शनिवारी दुपारी बारा वाजता भोंग्याची चाचणी होते. पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतो, म्हणून सासूबाईंना आणि मुलाला आधीच सांगून ठेवा. तो वाजायला लागला की चौघांनी जिथे असाल तिथून निघून, बूट घालून, क्लॉझेटमध्ये जाऊन बसायचं. मिस्टरांना घड्याळ धरायला सांगा. सासूबाईंना लागलेला वेळ वेगळा मोजा, आणि दोन्ही आकडे मला इथेच कळवा. दहा मिनिटांच्या वर गेले तर पिशवीची जागा किंवा त्यांची झोपायची खोली बदलावी लागेल, ते मग आपण घराचा नकाशा समोर ठेवून बघू.